एका बटणावर पाच जणी

दर्शना तळपदेने रविवारी भर दुपारी पाच जणींना एकदम दरीत लोटलं, आणि निमित्त काय, तर दारात कुरिअरवाला आला.

झालं ते असं. तिच्या संगणकाच्या पडद्यावर पाच खिडक्या उघड्या होत्या. पाचही खिडक्यांत एकच गेम, एकच दगडी पूल आणि पुलापलीकडे फणा काढून बसलेला एकच नाग. फक्त प्रत्येक खिडकीतलं पात्र वेगळं होतं. एक ढालकरीण, एक जखमा भरणारी वैदीण, एक तिरंदाज, एक आग फेकणारी चेटकीण आणि एक चोर. दर्शना बटण एकदाच दाबायची. हॉटकीचं सॉफ्टवेअर तेच बटण पाचही खिडक्यांत पोचवायचं. ढाल वर जायची, बाण सुटायचा, जखम भरायची, सगळं एका दमात. मात्र खेळता खेळता बरोबर लढणाऱ्या बाकीच्या मंडळींना काही लिहून कळवायचं असेल, तर आधी ही जोडणी तोडावी लागे. नाहीतर लिहिलेलं प्रत्येक अक्षर पाचही जणींना हुकूम म्हणून जाई. जोडणी तोडायच्या बटणावर दर्शनाने लाल टिकली चिकटवली होती. आधी टिकली, मग लिखाण.

त्या दिवशी ऐन लढाईत बेल वाजली. कुरिअरवाला बाहेरून "मॅडम, ओटीपी!" म्हणून ओरडला, आणि दर्शनाने टिकली न दाबताच लिहिलं, "थांबा, आले."

पाच जणींनी एकेक अक्षर इमानाने पाळलं. वैदिणीने सगळी औषधं स्वतःच पिऊन टाकली. चेटकिणीने आपल्याच माणसांवर आग ओतली. शेवटच्या अक्षराला पाचही जणींनी कठड्यावरून उडी घेतली, तीसुद्धा कवायतीच्या मैदानावर घ्यावी तशी, एका रांगेत आणि एका तालात. ढालकरीण गेल्यावर मागच्यांना कोण वाचवणार? नागाने सगळा गट साफ केला.

गटाचं नाव 'बालेकिल्ला'. दादर, परळ, लालबाग आणि गिरगावातली तीसेक नोकरदार माणसं. गेममध्ये त्यांनी एक गड बांधला होता आणि गडाच्या दरवाज्यावर प्रत्येक सभासदाच्या नावाचं निशाण फडकत असे. तिथे 'दर्शना' होतं, आणि शेजारी 'यशोदा', 'कुंदा', 'इंदू' आणि 'मनू'. ही पाच निशाणं पाच बायकांची होती आणि ती पाचही सध्या दर्शना एकटी सांभाळत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजवर कोणी त्यावर बोललं नव्हतं. पण पूल हातचा गेला आणि तोंडं उघडली.

संध्याकाळी गटाचा किल्लेदार हेरंब गुप्ते याचा निरोप आला. "मावशी, पुढच्या रविवारी दादरला भेटू या. बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की एका माणसाला एकच जागा असावी. सॉफ्टवेअर काढून टाका, नाहीतर बाकीच्या चौघींची निशाणं उतरवावी लागतील."

दर्शनाने निरोप दोनदा वाचला. मग टिकली दाबली आणि लिहिलं, "येते."

गिरगावात तिला तळपदे म्हणून फारसं कोणी ओळखत नसे. तिचं नाव 'शिट्टी'. कॉन्व्हेंट शाळेत ती मुलींची पीटी घ्यायची. एक शिट्टी झाली की मैदानावरच्या सगळ्या मुली उजवीकडे, दुसरी झाली की डावीकडे. सिस्टर प्रिन्सिपलसुद्धा तिच्या शिट्टीला चालता चालता थबकत. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्यांना ती सांगे, "पिरियड मोकळा मिळाला नाही." आईवडील गेल्यावर दोन खोल्या तिच्या राहिल्या आणि त्या दोन खोल्यांत दर बुधवारी पत्त्यांचा अड्डा जमे.

अड्ड्यात पाच जणी होत्या. खेळ बहुतेक बदाम सातचा, आणि नियम यशोदाच्या आजीने घालून दिलेला: रिकामी खुर्ची चालत नाही. एखादी आली नाही, तरी तिची पानं वाटायचीच. तिच्या डावीकडे बसलेली तिचा हात खेळणार, आणि खेळणार तो तिच्या भल्यासाठी. तिच्याकडे राणी अडकून पडली आहे हे दिसलं, म्हणून आपल्याकडचा गुलाम दाबून धरायचा नाही. आणि डाव संपल्यावर तिला फोन करून निकाल सांगायचा. इंदू एकदा बाळंतपणासाठी इस्पितळात होती तेव्हा दर्शनाने तिचा हात खेळून तिला जिंकवलं होतं आणि स्वतः सपाटून हरली होती. वॉर्डातल्या फोनवर निकाल ऐकून इंदू इतकी हसली की नर्स धावत आली.

लॉकडाऊन आला आणि बुधवार बंद पडला. इंदूने आयुष्यभर विमा कंपनीच्या संगणक विभागात काढलेलं. तिने हा गेम शोधला. "पत्ते नाही तर पत्ते नाही, आपण नाग मारू," म्हणाली. साठी ओलांडलेल्या पाच बायका आपापल्या घरात कानाला हेडफोन लावून बसू लागल्या. मनू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिने हट्टाने चोर घेतला. "आयुष्यभर चोऱ्या पकडल्या," म्हणाली, "आता जरा करून बघते."

पुढे दारं उघडली, पण अड्डा परत जमला नाही. इंदू मुलाकडे टोरांटोला गेली. कुंदा आधी आपलं पात्र कुठलं ते विसरली, मग बुधवार विसरली, आणि मुलीने तिला माहीमला नेलं. मनूच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला, कडेचं तेवढं दिसायचं. आणि यशोदा इस्पितळातून परत आलीच नाही. शेवटच्या आठवड्यात दर्शना पलंगाशी बसलेली असताना यशोदाने आपला पासवर्ड सांगितला, दोनदा म्हणवून घेतला, आणि म्हणाली, "माझा हात खेळ गं. आणि औषधं उगीच वाया घालवू नकोस."

एकेक करून चौघींचेही हात दर्शनाकडे आले. आधी ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत उड्या मारून खेळायची. यशोदाकडे जाईपर्यंत कुंदा मरायची, कुंदाकडे जाईपर्यंत इंदू. मग कुठेतरी वाचून तिने हॉटकीचं सॉफ्टवेअर आणलं आणि शिकली. शिकताना एकदा पाचही जणींना भिंतीत तोंड खुपसून चालवत ठेवून चहा करून आली. पण जोडण्या करताना तिने एक केलं. पाच जणींना एकसारखं वागवलं नाही. मनू पत्ता टाकायला नेहमी उशीर लावायची, म्हणून चोराचा वार दुसऱ्या बटणावर ठेवला. कुंदाला नेम धरल्याशिवाय बाण सोडायला आवडत नसे, तिला तसंच दिलं. यशोदा स्वतःची जखम सगळ्यात शेवटी भरायची. बटण एक, पण हात पाच जणींचे, जिचा तिचा स्वभाव घेऊन.

हेरंबचा निरोप तिने फोनवर मनूला वाचून दाखवला.

"सोड ना गं आता," मनू म्हणाली. "चार बाहुल्या गेल्या तर गेल्या. मला दिसत नाही, कुंदाला कळत नाही, आणि यशोदा... मेलेलीला कशाला खेळवतेस?"

"तुझ्या पत्त्यांना मी कधी बाहुल्या म्हटलं होतं?"

"चिडू नकोस."

"चिडलेले नाही. पण चोर तुझा आहे. उतरवायचा असेल तर तू सांग. हेरंब गुप्ते कोण सांगणारा?"

मनू म्हणाली, "जाताना छत्री ने," आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी दर्शना गिरगावाहून भुयारी मेट्रोने दादरला गेली. तिथल्या नव्या सरकत्या जिन्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून पायऱ्यांनी उतरली आणि पायऱ्यांनीच चढली. भेट एका उपाहारगृहाच्या माडीवर होती. टेबलं जोडून मंडळी बसली होती, मिसळीच्या बशा आल्या होत्या.

"मावशी, या, या. इथे पंख्याखाली बसा," हेरंब उठून म्हणाला. माणूस सभ्य होता. "काय घेणार?"

"कॉफी. पण आधी भांडण होऊ दे."

लालबागचा यतीन तोंडात फरसाण असतानाच सुरू झाला. "मावशी, राग मानू नका हां. आम्ही एकेक जण घाम गाळतो आणि तुम्ही एक बोट हलवून पाच वाटे घेता. बरोबर आहे का हे?"

"गेल्या दिवाळीत नागाची तलवार मिळाली, ती कोणाकडे आहे रे?"

यतीनने पाण्याचा ग्लास उचलला. "माझ्याकडे."

"वाटा कोणाचा होता?"

"यशोदामावशींचा."

"वैदिणीला तलवार काय करायची, यतीनला द्या, असं कोण म्हणालं?"

"तुम्ही."

"मी नाही. यशोदा असती तर जे म्हणाली असती, तेच. पुढे बोल."

कोपऱ्यातून हसू आलं. यतीनलाही हसू आलं, पण तो हटला नाही. "ते ठीक आहे. पण ते मशीन आहे ना शेवटी. बॉट."

"बॉट आपण झोपलो तरी खेळतो. मी बोट उचललं की पाचही जणी खांबासारख्या उभ्या राहतात. परवा पुलावर पाहिलंस ना? माझी एक चूक पाच जागी झाली. मशीनकडून अशी चूक होईल का?"

"मशीन सोडा मावशी, तशी चूक आमच्या आख्ख्या मंडळाला जमणार नाही."

सगळी माडी हसली. दर्शनाही हसली आणि हसू थांबल्यावर म्हणाली, "पूल माझ्यामुळे गेला. टिकली दाबायची राहिली. त्याची शिक्षा मला करा. महिनाभर मागे उभं राहायला सांगा, राहते. पण निशाणं त्या चौघींची का उतरवता?"

हेरंबने आवाज खाली आणला. "मावशी, कसं सांगू. यशोदामावशी आता नाहीत."

"मला ठाऊक आहे. मी तिथे होते. ती असती तर स्वतः खेळली असती. ती नाही म्हणूनच तिचा हात खेळावा लागतो." आणि तिने त्यांना बुधवारचा नियम सांगितला. वाटलेली पानं, डावीकडची खेळणारी, दाबून धरायचा नाही तो गुलाम, आणि शेवटचा फोन. मंडळींनी ऐकून घेतलं. परळच्या इस्पितळात लॅबमध्ये काम करणारी जुई मिसळ तशीच ठेवून ऐकत होती.

हेरंब तयारी करून आला होता. "मावशी, आम्हालाही वाईट वाटतं. म्हणून मी एक मार्ग काढलाय. तुम्हाला ज्येष्ठ नागरिक म्हणून अपवाद करू. सॉफ्टवेअर राहू दे. पाचही राहू देत. फक्त निशाणं जरा वेगळ्या रंगाची, करड्या. आणि मोठ्या लढाईत उतरायचं नाही. बाकी गडावर केव्हाही या, बसा, गप्पा मारा."

"म्हणजे बसमधल्या राखीव सीटसारखं."

"हो, तसंच समजा ना."

"हेरंब, बसमध्ये मी उभी राहते."

"अहो, पण तुमच्या सोयीसाठीच..."

"सोय मागायला मी आले नाही. पाच जणी बरोबरीने खेळतात की नाही, एवढंच सांग. खेळत असतील तर निशाणं सगळ्यांसारखी लाल. खेळत नसतील तर करडीही नकोत. करडं निशाण म्हणजे खुर्ची मांडायची आणि पानं वाटायची नाहीत. ते आमच्यात चालत नाही."

मग हात वर झाले. अपवादाच्या बाजूने जवळजवळ सगळेच. यतीननेही केला, पण टेबलाकडे बघत. जुईने केला नाही.

तेवढ्यात कॉफी आली. दर्शनाने ती सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. अर्धी टाकून उठलं असतं तर रागावून उठल्यासारखं दिसलं असतं, आणि तो मान तिला कोणाला द्यायचा नव्हता. मग तिने छत्री उचलली.

"निशाणं उतरवायची तसदी घेऊ नकोस, हेरंब. पाचही मीच घेऊन जाते."

"अहो मावशी, एकट्या कुठे जाल?"

"बघ," ती म्हणाली, "अजून तुझी मोजणी चुकतेच आहे."

जिन्यात जुईने तिला गाठलं. "मावशी, मी हात वर केला नाही."

"बघितलं. शेवटच्या बाकावरचंही दिसतं मला. जा, मिसळ निवते."

घरी आल्यावर तिने पाय धुतले, साडी बदलली आणि संगणक लावला. बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावरून आपल्या हाताने एकेक निशाण उतरवलं. यशोदाच्या निशाणाशी तिचं बोट जरा थांबलं. पण थांबून काय होणार होतं?

नवा गड बांधायला गेमचा नियम होता: पाच सभासद हवेत. पाच वेगवेगळी नावं, पाच वेगवेगळी खाती. दर्शनाने पाच खिडक्यांतून पाच जणींना माळावर आणून गोल उभं केलं आणि एक बटण दाबलं. पाचही जणींनी एकदम होकार दिला. गेमने काहीही विचारलं नाही, गड उभा केला. नाव विचारलं तेव्हा तिने लिहिलं, 'बुधवार'. दरवाज्यावर पाच निशाणं चढली, पाचही लाल.

त्यानंतर ती पुलावर गेली. पुलावर जायला वीस-पंचवीस माणसं लागतात. पाच जणींनिशी कोणी जात नाही. सोमवारी त्या पुलाच्या तोंडाशीच मेल्या. मंगळवारी तीन पावलं पुढे जाऊन मेल्या. बालेकिल्ल्याची कोणीकोणी मंडळी दुरून बघत उभी असत. यतीनने लिहिलं, "मावशी, सर्कस लावलीय का?" तिने टिकली दाबून उत्तर दिलं, "तिकीट काढून बघ." आणि परत आत गेली.

बुधवारी दुपारी दारावर काठीचा आवाज झाला. मनू आली होती. खोताच्या वाडीच्या पलीकडून, एकटी, भिंतीच्या कडेने चालत. पिशवीत कोलंबीच्या भुजण्याचा डबा.

"मला न विचारता मला गडावरून उतरवलंस?" दारातूनच तिने सुरुवात केली.

"उतरवलं नाही. घेऊन आले."

"कोणी सांगितलं होतं?"

"तू सांगितलं होतंस, छत्री ने म्हणून. ते मी 'जा' असं धरलं."

मनू चाचपत खुर्चीवर बसली. खुर्ची तिची नेहमीचीच, खिडकीकडची. दर्शनाने ती हलवली नव्हती. "माझा हात मला दे," मनू म्हणाली.

"तुला दिसत नाही, मने."

"पत्ते तरी कधी धड दिसायचे? चष्मा घरी विसरायचे तेव्हा तूच कानात सांगायचीस. सांग तसंच. मेलेली तू खेळवतेस, मग जिवंत आहे तिला बसवून ठेवणार?"

दर्शनाने चोराची खिडकी जोडणीतून सोडवली. जुना कीबोर्ड माळ्यावरून काढला, पुसला आणि मनूच्या मांडीवर ठेवला. वाराच्या बटणावर एक टिकली चिकटवली, ठळक आणि फुगीर, बोटाला लागेल अशी. मग कपाटातून शिट्टी काढली.

"अगं बाई, ती अजून आहे?"

"शिट्टी झाली की दाब. लगेच."

"लगेच म्हणजे किती लगेच?"

"तुझ्या मानाने."

त्या पुलावर शिरल्या. ढाल वर गेली, आग पेटली, कुंदाने नेम धरून बाण सोडला, यशोदाने सगळ्यांच्या जखमा भरून शेवटी स्वतःची भरली. नागाने मान खाली घातली. दर्शनाने शिट्टी फुंकली. समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. मनूने बोट चाचपलं, टिकली सापडली, दाबलं. उशीर झालाच होता. दर्शना दुसऱ्या बटणाने जितका उशीर लावायची, त्याहूनही जास्त.

"लागला?"

"लागला. परत."

शिट्टी, वार, शिट्टी, वार. वरच्या मजल्यावरून कोणीतरी "काय चाललंय?" म्हणून ओरडलं. दोघींनी लक्ष दिलं नाही. पूल अर्धा झाला, पाऊण झाला. पायाखालचा दगड संपून माती लागली, आणि त्याच क्षणी नागाने शेपूट फिरवलं. पाचही जणी आडव्या.

पडद्याचा आवाज बंद झाला. मनूने मान तिरकी करून कडेने पाहायचा प्रयत्न केला. "मेलो का?"

"मेलो."

"कुठवर गेलो?"

"पूल संपला. पलीकडे पाय लागला."

"मग हरलो कुठे?"

"हरलोच. नाग उभा आहे. हरलो ते हरलो." दर्शनाने कपाळावरचा घाम पदराने टिपला. "फोन करायला हवेत."

टोरांटोत इंदू झोपलेली असणार, म्हणून तिला आवाजी निरोप ठेवला: "इंदे, पूल ओलांडला, नागाने मारलं. तुझी आग छान लागली." यशोदासाठी फोन कुठे लावणार? दर्शना तिच्या खिडकीकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हरलो गं. औषधं मात्र शिल्लक आहेत." मनूने त्याला हरकत घेतली नाही.

मग माहीमला. कुंदाच्या मुलीने फोन उचलून आईच्या कानाला लावला. मागे टीव्ही चालू होता.

"कोण?" कुंदा म्हणाली.

"शिट्टी."

"हां." ओळखलं की नाही ते कळेना.

"कुंदे, आज आपण हरलो."

मुलगी मागून म्हणाली, "आई, दर्शनामावशी आहे." कुंदाने तिला गप्प केलेलं ऐकू आलं.

"किती जणी होतो?"

"पाची."

"मग बोलत काय बसलीस?" कुंदा तडकून म्हणाली. "पत्ते पीस!"

दर्शनाने फोन ठेवला. मनूने मांडीवरचा कीबोर्ड सरळ केला आणि टिकलीवर बोट ठेवलं. दर्शनाने शिट्टी तोंडात धरली.